गणिताच्या पेपरातली एकवीस हजार पावलं

शाळेने नातीच्या मनगटाला काळा पट्टा बांधला आणि आमच्या घरात स्वस्थ बसणं बंद झालं.

नात माझी पाचवीत. आधी आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, पहिल्यांदा माझ्या नोकरीवर आणि मग मुलाच्या. तिथे दार उघडलं की पोर अंगणात. दोन वर्षांमागे मुलाने नोएडाला फ्लॅट घेतला, चौदाव्या मजल्यावर, आणि आता दार उघडलं की पोर लिफ्टमध्ये. त्यात दिवाळीनंतर इथली हवा अशी होते की शाळाच सांगते, मुलांना बाहेर सोडू नका. मग पोरगी सोफ्यावर बसून चित्रं काढायची. चित्रं छान काढते, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोफ्याला तिच्या मापाचा खड्डा पडला होता, तो मी हाताने चाचपून बघितलाय.

बाकीच्या घरचे सोफेही तसेच असणार, कारण हिवाळा सरता सरता शाळेने एक खेळ काढला. पाचवीच्या सगळ्या मुलांना हे पट्टे दिले. पट्टा पावलं मोजतो. पाच-पाच मुलांची टीम आणि प्रत्येक टीमला एका रंगाची रेल्वेगाडी. खरी नव्हे, शाळेच्या मोठ्या स्क्रीनवरची. पाच जणांची मिळून हजार पावलं झाली की गाडी एक किलोमीटर पुढे सरकणार. दिल्लीहून निघायचं, मुंबईला पोचायचं, मधल्या स्टेशनांवर त्या त्या गावाचा एकेक प्रश्न सोडवायचा. शिवाय आदल्या दिवशी ज्याची पावलं सगळ्यांत जास्त, त्याचा फोटो सकाळी प्रार्थनेनंतर स्क्रीनवर लागणार, खाली लिहिलेलं 'स्टार ऑफ द डे'.

नातीची गाडी पिवळी होती.

"कुठल्या मार्गाने जाते?" मी विचारलं.

"मॅपवरनं जाते, आजोबा."

"अगं पण कोट्यावरून का भोपाळवरून?"

तिने आईचा मोबाईल माझ्यापुढे धरला. भोपाळवरून! म्हणजे मथुरा, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, इटारसी, खांडवा, भुसावळ. ह्या मार्गाने मी चाळीस वर्षं गावाला जातोय. कुठल्या फलाटावर पाण्याचा नळ कुठल्या टोकाला, हे मला झोपेतून उठवून विचारा. माझं गाव भुसावळच्या पुढे दोन तासांवर. म्हणजे ही पोरं नीट चालली तर पिवळी गाडी माझ्या गावच्या अंगाने जाणार होती. मी चष्मा लावून सरसावून बसलो.

"तुमची गाडी आता कुठाय?"

"मथुरा."

"आणि बाकीच्यांच्या?"

"रेडवाली झाँसी. ब्लू आणि ग्रीन ग्वालियर."

"दहा दिवसांत मथुरा? अगं, देवदर्शनाला उतरलात की काय?"

"आजोबा, प्लीज!"

आता माझ्याबद्दल दोन शब्द सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हा म्हातारा कशाच्या जोरावर बोलतोय. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो. दिल्लीला आलो आणि एका मंत्रालयात शिपाई म्हणून चिकटलो, पुढे दफ्तरी झालो. छत्तीस वर्षं ह्या खोलीतली फाईल त्या खोलीत आणि त्या खोलीतली खालच्या मजल्यावर नेली. त्या इमारतीची लांबी मला पायांनी पाठ आहे. लिफ्ट साहेबांसाठी असायची आणि आम्ही जिन्याने जायचो. त्याचा परिणाम असा, की आज माझ्या वयाची माणसं गुडघ्यांचे फोटो घेऊन डॉक्टरांकडे फिरतात आणि मी फिरायला फिरतो. घरात बाकी सगळे माझ्याहून शिकलेले आहेत. इंग्रजी त्यांना येतं, मोबाईल येतो. पण चालण्यातलं कळतं ते मला, हे मी मुलाला आणि सुनेला एकदा स्पष्ट सांगून टाकलं. मुलगा दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसतो, तो काय बोलणार? "बिल्कुल, बाबा," म्हणाला आणि लॅपटॉप उघडून बसला.

तर पट्टा. सुरुवातीला नातीने शॉर्टकट काढले. जेवताना डावा हात टेबलाखाली घालून हलवत राहायची. आमची ही म्हणाली, "पोरीच्या अंगात वारं शिरलंय का? आंबट वरण हिंदकळतंय सगळं." मग कळलं की वर्गात एकाने पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बांधून कुत्रा सोडून दिला होता. एकीने म्हणे पंख्याला बांधला. मी नातीला समोर बसवून ठणकावलं, "जे पाय चालले नाहीत त्यांची पावलं लावायची ही चोरी आहे. आपल्या घरात असलं चालणार नाही." ती म्हणाली, "हो, आजोबा." आमची हीसुद्धा ऐकत होती. हिचं कान देऊन ऐकणं मला पुढे फार महागात पडलं.

एके दिवशी नात चित्र रंगवता रंगवता म्हणाली, "आजोबा, मला टीममधून काढणार आहेत."

"कोण काढतंय?"

"आमची कॅप्टन. ती म्हणाली, रोज पाँच हज़ार नहीं हुए तो सर से बोलके तुझे चेंज करवा देंगे."

कॅप्टन म्हणजे दोन वेण्यांची, काटक अशी एक मुलगी. सोसायटीत वाढदिवसाला आली होती तेव्हा मी पाहिली होती. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली.

"काढू दे. दुसरी टीम घेईल तुला."

नातीने रंगाची पेन्सिल खाली ठेवली. "मग मी टिफिन कोणाबरोबर खाऊ?"

आर. के. पुरमची शाळा सुटली तेव्हा तिच्या मैत्रिणीही तिथेच सुटल्या. नोएडाच्या शाळेत पहिलं वर्षभर तिने डबा एकटीने खाल्ला, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ह्या वर्षी कुठे ह्या चौघांमध्ये तिला जागा मिळाली होती. मी म्हटलं, "चल, चप्पल घाल. खाली जाऊ."

रोज संध्याकाळी आम्ही सोसायटीच्या बागेत चक्कर मारायला लागलो. मी पुढे, ती मागे.

"चालताना बोलू नकोस, दम जातो," मी सांगायचो.

"पण मग बोर होतं."

"बोर होऊ दे. हात हलव. टाच आधी टेकव."

"आजोबा, मांजर!"

की थांबली. मांजर, मग मांजराची पिल्लं, मग माळ्याचा पाइप. मी एक चक्कर पुरी करून यायचो तर ती बाकावर. तरी खरं सांगायचं तर पोरगी सुधारत होती. दोन हजारांची तीन झाली, तिनाची साडेचार. एकदा पाच हजार वीस झाली तेव्हा पट्टा तिच्या मनगटावर थरथरला आणि त्यात छोटे फटाके फुटले. तिने तो मला दाखवला, आजीला दाखवला आणि वॉचमनलाही दाखवला. पिवळी गाडी आग्र्याला पोचली.

पण लाल गाडी तोवर भोपाळला. आणि माझा स्वभाव असा आहे की पुढच्याची पाठ दिसली की मला राहवत नाही.

मग तो मंगळवार आला. त्या दिवशी नातीचा गणिताचा पेपर होता, नऊ ते बारा. परीक्षेला मनगटावर घड्याळ चालत नाही, म्हणून पट्टाही चालत नाही. सकाळी ती घाईत पट्टा फ्रिजवर ठेवून गेली. मंगळवारी पेपर असो नसो, शाळेतून ती थेट ड्रॉइंग क्लासला जाते आणि सहाला घरी येते.

आमच्या मराठी मंडळाची बस त्याच दिवशी काला अंबला जायची होती. पानिपतचं ते स्मारक. दिल्लीतली मराठी माणसं दर वर्षी जातात. संक्रांतीला तिथे माणसांची रेटारेटी होते, म्हणून आम्ही म्हातारे मागाहून, असा आडवार बघून जातो. मी पाण्याची बाटली घ्यायला फ्रिजपाशी गेलो तर वर पट्टा पडलेला, हिरवा दिवा लुकलुकतोय. म्हटलं, आज दिवसभर पिवळी गाडी आग्र्याला उभी राहणार. पोरगी बेंचवर, पट्टा फ्रिजवर आणि पाय माझे. मी पट्टा शेवटच्या भोकात अडकवला, वर सदऱ्याची बाही ओढली आणि निघालो.

बसमध्ये बसावं लागलं त्याचंच वाईट वाटत होतं. मुरथलला चहाला बस थांबली, सगळे पराठे खायला आत गेले, मी बसभोवती फेऱ्या घातल्या. एक काकू खिडकीतून म्हणाल्या, "शुगर आहे का हो तुम्हाला?"

"नाही."

"मग एवढं कशाला? डॉक्टरांनी सांगितलंय?"

"मी कोणी सांगितलेलं ऐकत नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच आहे.

काला अंबला पोचलो, नमस्कार केला, फुलं वाहिली. मग सगळे हिरवळीवर बसले आणि आमच्या मंडळातले एक निवृत्त मास्तर लढाईचं सांगायला उभे राहिले. दर वर्षी तेच सांगतात, छान सांगतात. मी बसलेल्यांच्या मागून गोल चालू लागलो. फौज यमुनेपाशी अडकली तेव्हा माझी सात हजार झाली. धान्य संपलं तेव्हा नऊ. दहा हजाराला पट्टा थरथरला, फटाके फुटले, आणि मी "वा!" म्हणालो, ते नेमकं उपासमारीच्या वर्णनात.

मास्तर थांबले. "अहो, बसा की जरा! किती फेऱ्या घालाल? लढाई संपली केव्हाच!"

"तुमची संपली. माझी गाडी आग्र्याला अडलीय."

कोणाला काही कळलं नाही. मी बाही वर करून पट्टा दाखवला आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं. मास्तरांचं ऐकायला मग कोणी उरलं नाही. सगळी म्हातारी मंडळी माझ्यामागे चालू लागली, कोण काठी टेकत, कोण दुसऱ्याच्या खांद्याला धरून, आणि दर चक्करीला "किती झाली?" म्हणून विचारत. एक जण म्हणाले, "त्या वेळची फौजसुद्धा एवढी फिरली नसेल." मला तो दिवस फार आवडला, हे लपवत नाही.

पाचच्या सुमारास घरी आलो तेव्हा पट्ट्यावर एकवीस हजार सहाशे चाळीस. पाय गरम पाण्यात सोडून बसलो. हिने विचारलं, "एवढे सुजले कसे?" मी म्हटलं, "बस लांब उभी केली होती." नातीला बोललो नाही. माझा बेत असा, की तिला हे शाळेत कळावं, चारचौघांत, कॅप्टनसमोर. पट्टा मी चार्जिंगला लावून टाकला. ती आली तेव्हा म्हटलं, "सकाळीच घाल. बॅटरी उतरलीय." पट्टा सुनेच्या मोबाईलला सांगतो आणि मोबाईल शाळेला सांगतो. मध्ये कोणी वाचत नाही. आमच्या ऑफिसातही असंच चालायचं.

बुधवारी दुपारी मी इस्त्रीचा सदरा घालून गेटवर उभा राहिलो. शाळेची बस आली. नात उतरली, माझ्याकडे बघितलं नाही आणि सरळ लिफ्टकडे निघाली. मी तिला इतक्या वेगाने चालताना कधीच पाहिलं नव्हतं. लिफ्टमध्ये इतर लोक होते, तिथे ती मजल्यांचे आकडे बघत राहिली. घरात शिरताच दप्तर आपटलं.

"आजोबा, माझा बँड तुम्ही घातला होता?"

"घातला होता. फोटो लागला ना?"

"लागला!" ती ओरडली आणि रडायलाच लागली.

हुंदक्यांमधून कळलं ते असं. प्रार्थनेनंतर फोटो लागला, खाली एकवीस हजार सहाशे चाळीस. टाळ्या झाल्या. मग कॅप्टननेच रांगेतून हात वर केला. "सर, कल तो इसका मॅथ्स का पेपर था. मेरे आगे बैठी थी." पी. टी. च्या सरांनी मोबाईलमध्ये बघितलं. पट्टा तासातासाचा हिशेब ठेवतो, हे मला कोणी सांगितलं होतं? नऊ ते बारा, सात हजार पावलं. मागून एक पोरगा म्हणाला, "पेपर के ऊपर दौड़ रही थी क्या?" आणि अख्खी पाचवी हसली. आता ती चीटर झाली होती. लाल टीमच्या आयांनी व्हॉट्सॲपवर तक्रारी सुरू केल्या होत्या. आणि मधल्या सुट्टीत ती ज्या बाकावर बसली, तिथून ते चौघे उठून गेले होते.

मी म्हटलं, "ह्यात चीटर काय? पावलं खरी आहेत. घर एकच आहे. माझ्या ऑफिसात साहेबांची फाईल चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर जायची, तेव्हा रजिस्टरात काय लिहायचे? साहेबांनी पाठवली. चालायचो मी. छत्तीस वर्षं मी चाललो आणि काम पुढे गेलं साहेबांचं. कोणी साहेबांना चीटर म्हटलं का?"

"साहेबांच्या हातात बँड होता का?" नात म्हणाली.

आमची ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "जे पाय चालले नाहीत त्यांची पावलं लावायची म्हणजे काय म्हणाला होतात हो तुम्ही? मी विसरले."

"तू मध्ये बोलू नकोस."

"बोलत नाही. पानिपताहून कोणी जिंकून आलंय का आजवर, एवढंच म्हणते."

संध्याकाळी सूनबाई ऑफिसातून आली. ती समजूतदार आहे, आवाज चढवत नाही. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, सोपं आहे. मी सरांना मेसेज टाकते, बँडमध्ये काही फॉल्ट होता, आकडा चुकीचा आला. संपलं."

"फॉल्ट?" मी उठून उभा राहिलो. पाय दुखत होते तरी. "माझी एकवीस हजार सहाशे चाळीस पावलं, एकूण एक माझ्या पायांनी चाललेली, आणि तू त्याला फॉल्ट म्हणणार? सांगून टाक मग, हा म्हातारा दिवसभर घरी पडून होता!"

"बाबा, अहो, तिच्यासाठीच म्हणतेय ना मी."

"मुळीच नाही. उद्या मी शाळेत जातो. मी चाललो ते मी सांगेन."

नात सोफ्यावर, आपल्या खड्ड्यात, तोंड फिरवून बसली होती. तशीच म्हणाली, "फक्त फाईलचं सांगू नका तिथे."

गुरुवारी शाळेत गेलो. गेटवर गार्डने चिठ्ठी भरून घेतली, फोटो काढला. पी. टी. चे सर तिशीचे, गळ्यात शिट्टी. त्यांनी खुर्ची दिली, मी बसलो नाही.

मी म्हटलं, "पहले एक बात बताइए. पट्टे ने गिनती सही की थी कि नहीं?"

"गिनती तो सही थी, अंकल जी. पर पैर किसके थे?"

"मेरे."

सर माझ्या पायांकडे बघत राहिले. "इक्कीस हज़ार?"

"छह सौ चालीस."

त्यांना हसू येत होतं, पण मास्तर माणूस, आवरलं. मग नियम सांगितला. पट्टा दुसऱ्याने घातला तर त्या दिवसाची टीमची सगळी पावलं रद्द. एकट्या नातीची नव्हे, पाचही जणांची.

हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मेरे काटो ना! बाकी चार बच्चों ने क्या किया? वो तो सच में चले थे."

"टीम है, अंकल जी. लड़की को भी यही समझाना पड़ेगा."

"लड़की को मत समझाइए. उसको पता ही नहीं था. वो पेपर लिख रही थी."

"ये बात आप उन चारों को बता देंगे? मेरी वो नहीं मानेंगे."

साहेबांनी झापलं तरी मी कधी माफी मागितली नव्हती. फार तर 'जी' म्हणायचो आणि खाली बघायचो. हिची मागितलेली मला आठवत नाही. आणि इथे दहा-अकरा वर्षांची चार पोरं. पण सरांनी शिपायाला पाठवून त्यांना बोलावलंही. नातही आली, चौघांपासून हातभर लांब उभी राहिली, बुटांकडे बघत.

मी म्हटलं, "बेटा, पट्टा मैंने पहना था. इसने नहीं दिया, मैंने फ्रिज के ऊपर से उठाया. इसको मालूम नहीं था. तुम्हारे कदम मेरी वजह से कटे. गलती मेरी है." पुढे काय म्हणायचं ते येईना, म्हणून म्हटलं, "माफ करो."

कॅप्टनने वेणी मागे टाकली. "अंकल, सच में आप चले थे?"

"सच में."

"डॉगी को तो नहीं बाँधा था?"

"कुत्ते को!" मी असा ओरडलो की शेजारच्या वर्गातून बाईंनी डोकावलं. "छत्तीस साल सरकारी नौकरी की है मैंने! पानीपत में चला हूँ, बीस आदमी गवाह हैं!"

पोरं हसायला लागली. चौघांपैकी एक जाडसर, चष्म्याचा मुलगा म्हणाला, "इक्कीस हज़ार में तो मैं मर जाता, यार." नात अजून बुटांकडेच बघत होती. कॅप्टन तिच्याकडे वळून म्हणाली, "तूने बताया क्यों नहीं कि दादाजी थे?"

"कोई सुन ही नहीं रहा था," नात म्हणाली.

कॅप्टनने थोडा विचार केला. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. पुढाऱ्याची जात, असं चटकन बोलत नाही. ती म्हणाली, "ट्यूसडे का पूरा कट गया. अब संडे को एक्स्ट्रा करना पड़ेगा, सबको. तेरी सोसायटी में पार्क है ना?"

"है," नात म्हणाली. एवढ्या हळू, की मला वाटलं ऐकूच गेलं नसेल.

रविवारी सकाळी आठला चौघे गेटवर हजर. आया त्यांना सोडून गाड्यांतून निघून गेल्या. नात साडेसातपासून तयार होती. आदल्या दिवशीच चौघांसाठी पिवळ्या कागदाचे बिल्ले करून ठेवले होते, त्यावर इंजिनाचं चित्र. ते सगळ्यांनी लावले. मला नव्हता. मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "चला, मी रस्ता दाखवतो. पहली चक्कर हळू, मग वेग."

"एक मिनिट, अंकल," कॅप्टन म्हणाली. "पहले चेकिंग."

"कसलं चेकिंग?"

"बँड का. रूल है अब."

वॉचमन बघत होता. माळी बघत होता. वर बाल्कनीत आमची ही उभी असणार, याची मला मान वर न करताच खात्री होती. मी छत्तीस वर्षं ज्या इमारतीत नोकरी केली, तिथे गेटवरचे शिपाईसुद्धा मला कधी अडवत नसत. मी म्हटलं, "मी वडीलधारा माणूस आहे."

"इसलिए तो," कॅप्टन म्हणाली.

मग नातच पुढे आली. "हात वर करा, आजोबा. सॉरी हं."

मी हात वर केले. तिने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या, मनगटं उलटीपालटी करून पाहिली, सदऱ्याचे खिसे चाचपले. डाव्या खिशात चष्म्याचं घर निघालं, तेही उघडून बघितलं. चष्म्याच्या मुलाने सांगितलं म्हणून पायमोज्यांतही बोट घातलं. तिला गुदगुल्या करायची सवय आहे आणि मला गुदगुल्या होतात, त्यामुळे मी एका पायावर नाचलो, त्यावर पाचही जण हसत सुटले.

"क्लीन है," नात त्यांना म्हणाली.

"ठीक है. अंकल पीछे चलेंगे," कॅप्टन म्हणाली, आणि नातीच्या दंडाला धरून पुढे निघालीसुद्धा. "चल ना, तू मेरे साथ. वो बिल्लीवाली जगह दिखा."

पाचही जण भराभर पुढे गेले, सगळ्यांची तोंडं एकाच वेळी चाललेली. चालताना बोललं की दम जातो, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, जाऊ दे.